विनाकारण डोंगरावर

पावसाळा तोंडावर आला की सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी त्या चाळीच्या फळ्यावर लागायच्या, आता मोबाइलवर येतात. 'संपूर्ण कुटुंबासाठी सोपा ट्रेक', 'लहान मुलं आणि ज्येष्ठांनाही जमेल असा डोंगर', 'निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस'. खाली चढाईची उंची, चालायचे तास, वाट निसरडी आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. सोपं म्हणजे काय याचं माप ठरून गेलेलं आहे. मात्र हे माप फक्त पायांचं आहे. त्या दिवशी पहाटे कोण किती वाजता उठलं, किती पोळ्या लाटल्या गेल्या, कोणाच्या खांद्याला किती पिशव्या होत्या, हे त्यात कुठेच मोजलेलं नसतं.

मी नायगावात काम करते. हे नायगाव म्हणजे सावित्रीबाईंचं सातारा जिल्ह्यातलं नव्हे आणि वसईच्या बाजूचंही नव्हे. हे दादरचं, बीडीडी चाळींचं आणि पोलीस वसाहतीचं नायगाव. मागच्या पावसाळ्याआधी इथल्या आमच्या गटाच्या बैठकीत मी विचारलं, "सहलीला गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक सांगू लागली. आदल्या रात्री बटाटे उकडून ठेवायचे, पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, मुलांचे बदलायचे कपडे घ्यायचे, सासूबाईंच्या गोळ्या, गाडी लागली तर लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी, खाली अंथरायला जुनी चादर. आणि पोचल्यावर? "मी सामानाजवळ बसते," एक जण म्हणाली. गट पुन्हा हसला, कारण प्रत्येकीची जागा तीच होती. धबधब्याखाली नवरा, दीर, मुलं. ही काठावर, सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत. कर्नाळ्याला दोनदा जाऊन आलेल्या एका मावशींनी किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दोन्ही वेळा पायथ्यावरूनच पाहिला होता. "वर काय आहे ते आमच्या ह्यांनी येऊन सांगितलं," त्या म्हणाल्या.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय? घरची माणसं एकत्र जातात, चार घटका हसतात-खेळतात, तिथेही तुम्हाला श्रमविभागणी दिसायलाच हवी का? मैत्रिणींनो, दिसायला हवीच असं नाही, पण दिसते. घरातून निघताना स्वयंपाकघर मागे राहत नाही, ते पिशवीत भरून सोबत येतं.

गिरणगावात राहून रविवारची गोष्ट विसरता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या, अशी नोंद आहे. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे रविवार मागणाऱ्यांत बायका पहिल्यापासून होत्या. गिरणीचं भोंगं बंद असलेल्या त्या दिवशी घरी कोणती सुट्टी होती, हे आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं. आठवड्याचं धुणं, मुलांची डोकी, मटणाचं वाटण. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. यात रविवार वेगळा काढला तर काय दिसेल, याची कल्पना आपल्या प्रत्येकीला घरबसल्या करता येईल.

बायकांना डोंगर झेपत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्या गटातल्या बायका विरारला जीवदानीच्या हजारावर पायऱ्या अनवाणी चढतात. कार्ल्याच्या एकवीरेला जातात, वणीला सप्तशृंगीला जातात. सोमवारी रात्री घरातलं आवरून सिद्धिविनायकाला चालत निघणाऱ्या बायका दादर-परळच्या रस्त्यांवर कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. अंगारकीला तर रांगच. आळंदीहून पंढरपूरपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांत डोक्यावर तुळस घेतलेल्या साठी-सत्तरीच्या बाया असतात. कुणाच्या गुडघ्याला वाटी सरकल्याचं निमित्त नाही, कुणाच्या घरी 'एवढ्या लांब कशाला' असा प्रश्न नाही. देवीचा डोंगर चालतो. नुसता डोंगर चालत नाही.

हिरकणीचंच बघा ना. आपल्या भाषेत डोंगर चढण्या-उतरण्याबद्दल नावाजली गेलेली सर्वांत मोठी बाई ती. रात्रीच्या अंधारात रायगडाचा कडा उतरली, आणि शतकानुशतकं आपण तिचं कौतुक करतो ते घरी तान्हं बाळ भुकेलं होतं म्हणून. हे कौतुक खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण समजा, तिला मूल नसतं, दूध विकून झाल्यावर चांदण्यात गड कसा दिसतो ते पाहत ती थांबली असती आणि मग सहज म्हणून कडा उतरली असती, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? एसटीनं बसला हिरकणीचं नाव दिलं, कचेऱ्यांत आणि स्थानकांवर बाळाला पाजायच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. ते कक्ष हवेतच, आणखी हवेत. पण तिच्या पायांचं, पकडीचं, धाडसाचं नाव कशालाच नाही.

बाईला घराबाहेर चालायला कारण लागतं. पाणी, सरपण, मुलाची शाळा, कुणाचं आजारपण, नवस. कारण संपलं की तिनं परत फिरायचं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या विनाकारण भटकण्याच्या हक्कावर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, ते २०११ साली आलं. त्यात मुख्यतः शहरातले रस्ते, स्थानकं, बागा आहेत. मला तोच मुद्दा डोंगराच्या वाटेपर्यंत न्यायचा आहे.

हे कारणाचं शेपूट सातासमुद्रापारही सुटत नाही. माझी एक मावसबहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिकडे पाहुणे आले की म्यूर वूड्सला न्यायची मराठी घरांत रीतच आहे. रेडवुडची अडीचशे फुटांपर्यंत उंच गेलेली झाडं, खाली जवळजवळ सपाट, लाकडी फळ्यांची वाट, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकड्या. लहान मुलांच्या गाड्या ढकलत सगळं कुटुंब जाऊ शकतं, दारातच स्वच्छतागृहं आहेत. माझी मावशी तिथे गेली होती ती बहिणीच्या बाळंतपणासाठी. सहा महिने डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची रात्र, आणि एक दुपार रेडवुडची. त्या दुपारीही बाळाची गाडी तिच्याच हातात होती. अमेरिकेतल्या वाटा आपल्यापेक्षा कितीतरी सोयीच्या आहेत हे खरं, पण वाट सोयीची केली की श्रमांची वाटणी आपोआप होते, असं तिथेही झालेलं दिसत नाही.

त्या जंगलाची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही झाडं वाचवण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या महिला क्लबांनी मोहीम चालवली होती. उद्यानातल्या इतिहासाच्या फलकावर त्यांचा उल्लेख नव्हता आणि तिथल्या मूळ रहिवाशांचाही नव्हता. २०२१ मध्ये उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी त्याच फलकावर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखी भर घालून या राहिलेल्या गोष्टी लिहिल्या. जुलै २०२५ मध्ये, वॉशिंग्टनमधलं सरकार बदलल्यावर, त्या काढून टाकल्या गेल्या. जंगल वाचवणाऱ्या बायकांची नावं पुसायला चार वर्षं पुरली. आपल्या कान्हेरीला निदान दगडात कोरलेलं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये बायकांची नावं आहेत, भिक्षुणींचीही आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी बायका त्या डोंगरावर होत्या, आणि त्या कुणाच्या तरी सामानाजवळ बसलेल्या नव्हत्या.

नायगावातून कान्हेरी गाठायची म्हणजे काय, तेही सांगते. दादरहून लोकलनं बोरिवली. पूर्वेला बाहेर पडून उद्यानाचं दार, तिथे माणशी तिकीट. दारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत. बस मिळाली तर ठीक, नाहीतर चालत. लेण्यांशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. चार माणसांच्या घराला जाण्यायेण्याचं भाडं, दोन तिकिटं आणि आतली बस धरून जो खर्च येतो, तो घरकाम करणाऱ्या बाईला दोनदा विचार करायला लावतो. आणि पैसे वाचवायचे म्हटलं की आधी बाहेरचं खाणं कापलं जातं, म्हणजे पहाटेच्या पुऱ्या पुन्हा तिच्याकडेच.

खरं तर मुंबई हीच मुळात टेकड्यांची. नायगावातून चालत तासाभराच्या आत शिवडीचा किल्ला आहे, छोट्याशा टेकडीवर, समोर खाडी. माझगावला भंडारवाडा टेकडीवरच्या बागेतून बंदर दिसतं. शीवच्या पुढे, माहीमच्या खाडीशी, जुन्या कचराभूमीवर उभं केलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, आणि कचऱ्याच्या डोंगरावर असं रान वाढवता येतं हे पाहायला तरी एकदा जावं. आमच्या गटातल्या बहुतेकींनी यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. काहींचं माहेर-सासर दोन्ही परळ-नायगावात.

सगळ्यात नवी वाट मलबार हिलची. कमला नेहरू उद्यानाजवळ झाडांच्या मधून जाणारा ४८५ मीटर लांबीचा उंचावरचा लाकडी मार्ग महापालिकेनं बांधला आणि ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी खुला केला. वाट सपाट, कठडा भक्कम, पहाटे पाचला सुरू. तिकीट २५ रुपये. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालत जायचं आणि एका ठिकाणी गिरगाव चौपाटीचा समुद्र दिसतो. मला ही वाट आवडली, उगाच नाक मुरडणार नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला रान दाखवायचं तर अशीच वाट हवी. पण तिकीट ऑनलाइन काढायची व्यवस्था केली. आमच्या गटातल्या कितीतरी जणींच्या घरात चांगला मोबाइल एकच, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. म्हणजे डोंगरावर जायचं तर आधी त्याला सांगायचं, तो विचारणार कशाला, आणि आपण पुन्हा कारणापाशी. तिकिटाची खिडकी असणं हा बायकांचा प्रश्न आहे, हे ती योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसणार. शेजारच्या बागेत म्हातारीचा बूट आहे, तोही गमतीचा. सगळ्या मुंबईची पोरं त्यात चढून खिडकीतून डोकावतात. त्या बुटात इतक्या पोरांना घेऊन राहणारी म्हातारी कधी बाहेर फिरायला गेली होती का, हे कुणी विचारत नाही.

बुटावरून आठवलं. मुलाला शाळेचे बूट, नवऱ्याला कामावर जायचे बूट, मुलीला खेळाचे बूट घरात येतात. आईला प्लास्टिकची चप्पल, तीच बाजाराला, तीच डोंगराला. शिवडीच्या चढावर दोघींच्या चपलांचे अंगठे तुटले. पायात धड काही नाही म्हणून किती बायका काठावर बसून राहत असतील, याचा हिशेब कुठल्या सर्वेक्षणात येत नाही.

आणि स्वच्छतागृहं. यावर आपण इतकं बोललो आहोत की पुन्हा लिहायला कंटाळा येतो, तरी लिहायला हवं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेनं रस्त्यावरच्या बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न महापालिकेच्या दारात नेला. डोंगरवाटांवर तो तसाच पडून आहे. पुरुष झाडामागे जातात. बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात आणि भर उन्हात चढतात. मग चक्कर येते, आणि घरी सांगितलं जातं, बघ, तुला झेपत नाही. पाळी चालू असलेली मुलगी तर येतच नाही. 'कुटुंबासाठी योग्य' म्हणून जी वाट जाहीर करायची तिच्या पायथ्याशी पाण्यासह, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह असलंच पाहिजे, ही मागणी आपल्या गटांनी वन खात्याकडे आणि महापालिकेकडे लेखी करायला हवी.

आपल्यातल्याच काही जणींचा आक्षेप मला ठाऊक आहे. अत्याचाराच्या केसेस, रेशन, पोटगी, घराचे कागद हे सगळं सोडून डोंगरावर फिरायचं? हे सुखवस्तू बायकांचे छंद झाले. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: ज्याला आपण रान म्हणून बघायला जातो ते कुणाचं तरी घर आणि कामाची जागा आहे.

दुसऱ्याचं आधी घेते. बोरिवलीच्या उद्यानात आणि आरेत आदिवासी पाडे आहेत. तिथल्या बाईला रानात जायला कुणी 'कशाला' विचारत नाही, कारण तिला जावंच लागतं. शेवळं, कंटोळी घेऊन पावसाळ्यात दादरच्या बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून आपण भाजी घेतो, त्याही कुठल्या ना कुठल्या रानातून पहाटे निघालेल्या असतात. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या हटवल्या गेल्या, तेव्हा जंगल वाचलं म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांना बरं वाटलं. त्या झोपड्यांतल्या बायकांची घरकामं आजूबाजूच्या इमारतींत होती, घर लांब गेलं की काम गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली, तेव्हा अडवायला गेलेल्यांत बायका होत्या, अटक झालेल्यांतही होत्या. म्हणून आपण जंगलात गेलो तर पाहुण्यासारखं जावं. वाट दाखवायला पाड्यातली बाई असेल तर तिला तिच्या दिवसाचे पैसे द्यावेत, आणि तिच्या घरी पाणी किती लांबून येतं तेही विचारावं.

आता पहिला आक्षेप. मी समुपदेशनाचं काम करते. समाजकार्याच्या शिक्षणात मुलाखत कशी घ्यावी ते शिकवतात: समोरासमोर खुर्च्या, शांत खोली, गोपनीयता. बीडीडीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या बाईला शांत खोलीत समोर बसवलं की ती आखडते. तिला आयुष्यात कधी एकटीला खोली मिळालेली नसते. मागच्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा जणी शिवडीच्या किल्ल्यावर गेलो. आमच्या केंद्रात तीन वेळा येऊन 'काही नाही ताई, तसं बरं आहे' एवढंच बोललेली एक बाई चढावर माझ्या शेजारून चालत होती. डोळ्यांत बघायचं नव्हतं, दोघींची नजर वाटेवर होती. अर्ध्या चढावर तिनं बोलायला सुरुवात केली आणि वर पोचेपर्यंत सगळं सांगितलं. पुढे तक्रार नोंदवायची की नाही हे तिनंच ठरवलं, त्याला आणखी दोन महिने लागले. त्या दिवशी वर गेल्यावर ती अर्धा तास नुसती भिंतीवर बसून होती. कुणी तिला हाक मारली नाही.

नायगावच्या ४२ चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, आपल्याकडेही हळूहळू मिळतील. ५०० चौरस फुटांचं घर, घरात स्वतःचा संडास. मजल्यावरच्या सामायिक संडासासाठी आयुष्यभर रांग लावलेल्या बायकांना त्याचं मोल मी सांगायला नको. पण चाळीतला तो लांब पॅसेज जाणार, जिथे दारात बसून भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलता येत होतं आणि मारहाणीचा आवाज दहा घरांना ऐकू जात होता. बंद दाराच्या उंच इमारतीत बाई बाहेर पडेल ती कशासाठी, हा प्रश्न आपल्यापुढे येणार आहे. घराबाहेर, कामाशिवाय, एकमेकींना भेटायची जागा नव्यानं शोधावी लागेल. आजवर चाळीनं ती फुकट दिली होती.

आम्ही नायगावात सध्या दोन प्रकारच्या फेऱ्या ठरवल्या आहेत. एक फक्त बायकांची, महिन्यातल्या एका रविवारी. घरून कुणी काही करून आणायचं नाही; वडापाव, केळी आणि वाटेत मिळेल तो चहा. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. दोघी-तिघींना डबा न नेणं म्हणजे आळस वाटत होता, एकीनं तर लपवून थालीपीठं आणलीच. (ती आम्ही खाल्ली.) दुसरी फेरी घरच्यांसकट, पण मुलांचं आणि खाण्याचं पुरुषांकडे. पहिल्या वेळी चार नवरे आले. एकानं चार माणसांसाठी दोनच बाटल्या पाणी आणलं, एकाच्या पोराला ऊन लागलं, आणि तिघांना पुन्हा येणं जमलं नाही. चौथा येतो. त्याची बायको आता सगळ्यांच्या पुढे चालते आणि वळणावर थांबून मागच्यांना ओरडते.

पुढची फेरी जानेवारीत शिवडीच्या जेट्टीवर, खाडीतले फ्लेमिंगो बघायला. ते ओहोटीला चिखलात चरायला उतरतात, म्हणून निघायची वेळ भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून कळवू. ती ऐन स्वयंपाकाच्या वेळेला आली तरी बदलणार नाही. जेट्टीवर स्वच्छतागृहाची काय सोय आहे ते दोघी जणी आधी जाऊन पाहून येतील. येताना पाण्याची एक बाटली आणि पायात पट्ट्याची चप्पल, एवढंच आणायचं आहे.